प्राचीन चिनी पोर्सेलीन आणि झिलई यांचे वैज्ञानिक परीक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिनी भांड्यांच्या परीक्षणाविषयी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी आहेत. पुढचे प्रश्न अशांसाठी, ज्यांच्या हातात एखादी खापरी, घराण्यातली बशी किंवा यंत्राने दिलेला आकड्यांचा तक्ता आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा न सांगता तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चिनी माती, सिरॅमिक आणि पोर्सेलीन हे एकाच वस्तूचे तीन शब्द आहेत का?

नाहीत. माती भाजून केलेली प्रत्येक वस्तू, म्हणजे माठ, पणती, कौल, वीट, हे सारे सिरॅमिक होय. मराठीत 'चिनी माती' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो: खाणीतून निघणारी पांढरी माती, म्हणजे केओलिन, आणि त्या प्रकारच्या मातीची भांडी. पोर्सेलीन हा सिरॅमिकमधला एक नेमका प्रकार आहे. त्याचे अंग पांढरे असते, ते साधारण १२०० अंश सेल्सिअसच्या वर भाजलेले असते, आतून काचेसारखे एकजीव झालेले असते आणि पाणी जवळजवळ शोषत नाही. भिंत पातळ असेल तर तिच्यातून उजेड दिसतो. उत्खननाच्या जागी यंत्र नसते तेव्हा फुटकी कड जिभेला लावून पाहण्याची जुनी पद्धत आहे. कुंभाराच्या साध्या भांड्याची कड ओलावा ओढून जिभेला चिकटते, पोर्सेलीनची चिकटत नाही.

येथे शब्दांचा एक गुंता लक्षात ठेवावा. चिनी वर्गीकरणात उच्च तापमानाला भाजलेली, झिलई चढवलेली आणि टिचकी मारल्यावर खणखणणारी भांडी, त्यांचे अंग राखाडी असले तरी, पोर्सेलीनमध्येच धरतात. पाश्चात्त्य वर्गीकरण त्यांतल्या पुष्कळांना स्टोनवेअर म्हणते. त्यामुळे दोन अहवालांत एकाच खापरीला दोन नावे दिसली तर कोणाची तरी चूक झाली असे समजू नये.

२. पोर्सेलीनसाठी नेमकी कोणती माती वापरत? एकाच खाणीतली का?

जियांग्शी प्रांतातल्या जिंगदेझेन या गावाचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. तेथे दोन वेगळे पदार्थ लागत. पहिला 'पोर्सेलीन दगड': गारगोटी आणि अत्यंत बारीक अभ्रक यांचा बनलेला, थोडा फेल्डस्पार असलेला फिकट खडक. पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या मुसळांनी तो कुटत, पाण्यात कालवून गाळत आणि खाली बसलेल्या चिखलाच्या लहान पांढऱ्या विटा पाडत. दुसरा पदार्थ केओलिन. हे नावच जिंगदेझेनजवळच्या गाओलिंग या ठिकाणावरून जगभर गेले.

या दोहोंची कामे वेगळी आहेत. दगडातल्या अभ्रकामुळे मिश्रणात पोटॅशियम येते, ते वितळण्यास मदत करते आणि अंग काचेसारखे करते. केओलिन ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, पुरवते, त्यामुळे भांडे भट्टीत वाकत नाही. जिंगदेझेनला राहिलेल्या दांत्रकोल या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूने १७१२ आणि १७२२ साली लिहिलेल्या पत्रांत ही प्रक्रिया बारकाईने नोंदवली आहे. परदेशी लोकांनी फक्त दगडाच्या विटा नेऊन पोर्सेलीन करायचा प्रयत्न केला आणि तो फसला, तेव्हा हाडांशिवाय नुसत्या मांसाचे शरीर उभे करायला ते निघाले होते, असे तेथील एका व्यापाऱ्याने म्हटल्याचे तो सांगतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही ही उपमा अगदी नेमकी आहे.

सोंग काळात (इ.स. ९६०-१२७९) जिंगदेझेनची भांडी मुख्यतः एकट्या पोर्सेलीन दगडाची होती. युआन काळापासून (१२७१-१३६८) केओलिन मिसळू लागले आणि पुढे त्याचे प्रमाण वाढत गेले. अंगातला ॲल्युमिना सोंग काळातल्या सुमारे १७-१८ टक्क्यांवरून २० टक्के आणि त्यापुढे जाताना दिसतो तो यामुळेच. मोठमोठ्या थाळ्या आणि रांजण न वाकता भाजता येऊ लागले तेही याच बदलामुळे.

३. भांडे उत्तर चीनचे की दक्षिण चीनचे हे रसायनावरून कळते का?

बहुतेक वेळा कळते, आणि या विषयातली सर्वांत भक्कम कसोटी हीच आहे, कारण ती माणसाच्या आवडीनिवडीवर नसून भूगर्भावर उभी आहे. छिनलिंग पर्वताच्या उत्तरेचा आणि दक्षिणेचा चीन मुळात दोन वेगवेगळ्या भूखंडांचा आहे. उत्तरेत कोळशाच्या थरांबरोबर सापडणाऱ्या, केओलिनने समृद्ध अशा गाळाच्या माती वापरल्या गेल्या. दक्षिणेत अग्निजन्य खडक कुजून-बदलून झालेला, गारगोटी आणि अभ्रक असलेला दगड.

परिणाम आकड्यांत लगेच दिसतो. उत्तरेकडच्या दिंग भट्ट्यांच्या पांढऱ्या भांड्यांत ॲल्युमिना सुमारे २७ ते ३२ टक्के आणि सिलिका (गारगोटीचा मूळ घटक) ६० टक्क्यांच्या थोडी पुढे असते. दक्षिणेकडच्या सोंगकालीन जिंगदेझेन भांड्यांत सिलिका ७० टक्क्यांच्या बरीच पुढे जाते, ॲल्युमिना २० टक्क्यांच्या आत राहतो आणि पोटॅशियम ठळक असते. टायटॅनियम हा आणखी एक चांगला साक्षीदार आहे: जिंगदेझेनच्या मातीत तो अत्यल्प असतो, उत्तरेकडच्या मातींत त्याच्या कित्येक पट.

डोळ्याला दिसणारा फरकही यातूनच समजतो. उत्तरेत सोंग काळात भट्ट्या कोळशावर चालू लागल्या, भाजणी हवेच्या भरपूर पुरवठ्यात होई, आणि टायटॅनियम व लोह यांमुळे दिंग भांड्यांना हस्तिदंती झाक येई. दक्षिणेत लाकडाची आच आणि कमी हवा, म्हणून तेथल्या पांढऱ्याला निळसर झाक.

मात्र एका खोऱ्यातल्या दोन शेजारच्या भट्ट्या वेगळ्या ओळखायच्या असतील तर हे मुख्य घटक पुरत नाहीत. तेव्हा रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम, थोरियम आणि दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये दशलक्षांश प्रमाणात मोजावी लागतात, आणि ज्या भट्टीशी तुलना करायची त्या भट्टीच्या जागी सापडलेल्या खापऱ्यांचे आकडे हाताशी असावे लागतात. तुलनेला खापऱ्या नसतील तर कितीही अचूक मोजमाप मुके राहते. हे वाक्य मी प्रत्येक पत्रात लिहितो, कारण बहुतेक गैरसमज येथूनच सुरू होतात.

४. पोर्सेलीनची सुरुवात कधी झाली असे विज्ञान सांगते?

झिलई असलेली, बरीच उच्च तापमानाची 'आद्य पोर्सेलीन' भांडी शांग काळापासून, म्हणजे सुमारे साडेतीन हजार वर्षांपासून मिळतात. परंतु त्यांच्या अंगात लोह जास्त असते आणि ती पाणीही अधिक शोषतात. पूर्ण अर्थाने पोर्सेलीन म्हणता येईल अशी भांडी पूर्व हान काळात (इ.स. २५-२२०) जेजियांग प्रांतातल्या शांग्यू येथील भट्ट्यांत होऊ लागली, असा निष्कर्ष शांघाय सिरॅमिक संस्थेतल्या संशोधकांनी १९७० च्या दशकात अंगाचे व झिलईचे रासायनिक पृथक्करण, पाणी शोषण्याचे प्रमाण आणि भाजणीचे तापमान मोजून मांडला. ही भांडी हिरवट आहेत. पांढरे पोर्सेलीन त्यानंतर काही शतकांनी उत्तरेत आले. पोर्सेलीन कशाला म्हणायचे, यावर हे उत्तर अवलंबून आहे (प्रश्न १ पाहा).

५. झिलई म्हणजे काय, आणि तिच्यात राख का घालत?

झिलई म्हणजे भांड्याच्या अंगावर वितळून बसलेली काच. नुसती सिलिका वितळायला १७०० अंशांहून अधिक उष्णता लागते, आणि इतकी कोणत्याही जुन्या भट्टीत मिळत नव्हती. चुना मिसळला की हे तापमान झपाट्याने खाली येते. चिनी कुंभारांनी हा चुना सुरुवातीला लाकडाच्या राखेतून घेतला. पुढे जिंगदेझेनला चुनखडीचा चुना आणि नेच्यांचे थर एकावर एक रचून पुन्हापुन्हा जाळत, आणि त्यातून निघालेली 'झिलईची राख' पोर्सेलीन दगडाच्या पुडीत कालवत.

झिलईत चुना झाडाच्या राखेतून आला की चुनखडीतून, हे आज शोधता येते. लाकडाच्या राखेबरोबर फॉस्फरस, मॅग्नेशियम आणि मँगनीज येतात. त्याहून सूक्ष्म पुरावा स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचा, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचा, आहे: समुद्रात तयार झालेल्या चुनखडीतले त्यांचे गुणोत्तर आणि झाडाने स्थानिक जमिनीतून शोषलेले गुणोत्तर वेगळे असते.

आता एक खापरी जवळून पाहू. जेजियांग प्रांतातल्या, दक्षिण सोंग काळातल्या लाँगच्वान भट्टीच्या खापरीची कड घासून गुळगुळीत केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की खाली फिकट राखाडी अंग दिसते, वर हिरवट काचेचा जाड थर, आणि तो थर एकापेक्षा अधिक वेळा झिलई चढवून साधलेला. काचेत असंख्य बारीक बुडबुडे अडकलेले असतात, न विरघळलेले गारगोटीचे कण असतात, आणि अंग व झिलई यांच्या सीमेवर अनॉर्थाइट नावाच्या खनिजाच्या बारीक सुयांची दाटी असते. उजेड आत शिरतो, या सर्वांवर आपटून विखुरतो आणि मऊ होऊन बाहेर येतो. जेड रत्नासारखा स्निग्धपणा म्हणतात तो हाच. पूर्वीच्या झिलयांत चुना १५ ते २० टक्के असे, त्यामुळे त्या पातळ होऊन ओघळत. लाँगच्वानच्या कारागिरांनी चुना निम्म्याजवळ आणला आणि पोटॅशियम वाढवले. झिलई घट्ट झाली, ओघळेना, आणि जाड थर देता येऊ लागला.

६. सगळ्या सेलॅडॉन, म्हणजे हिरवट-निळसर, झिलयांत लोहच असते म्हणतात, मग कोणी निळी, कोणी हिरवी, कोणी पिवळट का?

तीन कारणे एकत्र काम करतात. पहिले, भट्टीतली हवा. झिलईत लोह साधारण १ ते ३ टक्के असते. हवा अपुरी असेल, म्हणजे क्षपण होत असेल, तर ते मुख्यतः फेरस स्वरूपात राहते आणि निळसर रंग देते. हवा भरपूर मिळाली तर फेरिक स्वरूप वाढते आणि पिवळट-तपकिरी छटा येते. सेलॅडॉनची खापरी विजेच्या भट्टीत भरपूर हवेत पुन्हा तापवली तर तिचा हिरवा रंग पिवळटाकडे झुकतो. हा प्रयोग साधा आहे आणि विद्यार्थ्यांना वातावरणाचे महत्त्व त्याहून चांगले कशानेच पटत नाही.

दुसरे, टायटॅनियम. तो स्वतः फारसा रंग देत नाही, पण लोहाच्या शेजारी असला की निळ्याला हिरव्याकडे ढकलतो. मातीत टायटॅनियम कमी असणाऱ्या ठिकाणी आकाशी छटा सहज मिळतात. तिसरे, थराची जाडी आणि त्यातले बुडबुडे व स्फटिक (प्रश्न ५ पाहा). हेनान प्रांतात बाओफेंग तालुक्यातल्या छिंगल्यांगस गावी १९८० च्या दशकात ज्यांची भट्टी ओळखली गेली, त्या रू भांड्यांचा रंग या तिन्हींच्या मेळातून येतो. अशी अखंड भांडी जगात शंभराच्या आत उरली आहेत, म्हणून त्यांची माहिती भट्टीच्या जागी मिळालेल्या तुकड्यांवरूनच मिळवावी लागते.

लोहाचे फेरस-फेरिक प्रमाण मोजण्यासाठी मॉसबावर वर्णपटमापन किंवा सिंक्रोट्रॉन या कणत्वरकातले क्ष-किरण शोषण वापरतात. साधे रासायनिक पृथक्करण एकूण लोह सांगते, त्याची अवस्था सांगत नाही.

७. उत्तर चीनमधल्या ज्युन भांड्यांच्या दुधाळ निळ्या झिलईत कोबाल्ट हे निळा रंग देणारे मूलद्रव्य असते का?

नसते. हा रंग मुख्यतः रंगद्रव्याचा नाही, रचनेचा आहे. ज्युन झिलईत सिलिका भरपूर आणि ॲल्युमिना कमी असतो. भांडे सावकाश थंड होताना वितळलेली काच दोन प्रकारच्या द्रवांत विभागते, जसे पाण्यात तेलाचे थेंब वेगळे राहतात, आणि त्यातले थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान असतात. असे थेंब निळा प्रकाश अधिक विखुरतात. त्याच झिलईचा पातळ काप उजेडासमोर धरला तर तो पिवळट दिसतो, आणि रंग विखुरण्यातून येत असल्याची ही खूणच आहे. थेंब पाहायला पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. ज्युनवरचे जांभळे-लाल डाग मात्र खरोखर रंगद्रव्याचे आहेत. ते तांब्यामुळे येतात.

८. जिएन भट्टीच्या काळ्या वाट्यांवर सशाच्या केसांसारख्या रेघा आणि तेलाच्या ठिपक्यांसारखे डाग कशाने येतात?

फूजिएन प्रांतातल्या या चहाच्या वाट्या जपानात तेनमोकू म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांच्या अंगात आणि झिलईत दोन्हीकडे लोह पुष्कळ असते. सुमारे १३०० अंशांजवळ झिलईतून बुडबुडे वर येतात आणि लोह पृष्ठभागाशी गोळा होते. तेथे ते जागच्या जागी स्फटिकरूप झाले तर ठिपके होतात, झिलईबरोबर खाली वाहिले तर रेघा.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिंक्रोट्रॉनचे क्ष-किरण आणि रामन वर्णपटमापन (विखुरलेल्या लेझर प्रकाशावरून पदार्थ ओळखण्याची पद्धत) वापरून या स्फटिकांत लोह ऑक्साइडचा 'एप्सिलॉन' हा दुर्मीळ प्रकार आढळला. रेघांच्या वाटीत तो नेहमीच्या हेमॅटाइटबरोबर होता, ठिपक्यांच्या वाटीत जवळजवळ शुद्ध. चुंबकीय गुणांमुळे आजचे पदार्थवैज्ञानिक ज्याच्या मागे आहेत, पण जो प्रयोगशाळेत अतिसूक्ष्म कणांपलीकडे वाढवणे फार कठीण जाते, तो पदार्थ सोंग काळातल्या कुंभारांच्या हातून वाटीच्या पृष्ठभागावर वाढला होता. ही बातमी वाचली त्या दिवशी मला जो आनंद झाला तो अजून ताजा आहे.

९. निळ्या-पांढऱ्या भांड्यांतले कोबाल्ट इराणमधून आले की चीनमधले आहे, हे कसे ठरवतात?

मुख्य आधार मँगनीज आणि लोह यांच्या गुणोत्तराचा आहे. चीनमधल्या कोबाल्ट खनिजात मँगनीज भरपूर असते, कोबाल्टपेक्षाही कितीतरी जास्त. युआन आणि आरंभीच्या मिंग काळात (मिंग: १३६८-१६४४) वापरलेल्या आयात कोबाल्टमध्ये मँगनीज अगदी कमी आणि लोह जास्त असते. कधी आर्सेनिकचा अंशही मिळतो. त्या काळच्या निळ्या रेघांत जे काळसर, दाबल्यासारखे ठिपके दिसतात, तेथे रंग दाट पडून लोहयुक्त स्फटिक वर आलेले असतात. १५ व्या शतकात देशी खनिजाचा वापर वाढतो, आणि पुढे आयात व देशी मिश्रणेही येतात. म्हणून 'मँगनीज जास्त म्हणजे नंतरचे' हा नियम स्थूलमानाने खरा असला तरी एकट्या त्याच्यावर कालनिर्णय करू नये.

गुणोत्तर काढताना दोन चुका वारंवार होतात. पहिली: निळी रेघ पारदर्शक झिलईखाली असते आणि त्या झिलईतही लोह असते. शेजारच्या कोऱ्या झिलईचे मोजमाप घेऊन ते वजा केले नाही तर लोहाचा आकडा फुगतो. दुसरी चूक क्ष-किरण प्रतिदीप्तीच्या (प्रश्न १०) वर्णपटातली आहे, ज्यात प्रत्येक मूलद्रव्य ठराविक ऊर्जेच्या रेषांवरून ओळखतात. लोहाची मुख्य रेषा ६.४० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टला आणि दुय्यम रेषा ७.०६ ला येते. कोबाल्टची मुख्य रेषा ६.९३ ला, म्हणजे लोहाच्या दुय्यम रेषेला खेटून. मँगनीजची दुय्यम रेषा ६.४९ ला येऊन लोहाच्या मुख्य रेषेत मिसळते. यंत्राच्या सॉफ्टवेअरने या रेषा नीट वेगळ्या केल्या आहेत की नाही हे वर्णपट उघडून डोळ्यांनी पाहावे. नुसता तक्ता घेऊन निष्कर्ष काढू नये.

चीनमध्ये निळे-पांढरे काम युआन काळाच्या कितीतरी आधी, तांग काळातही (६१८-९०७) झाले होते. १९९८ साली इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ सापडलेल्या ९ व्या शतकातल्या बुडित जहाजावर, हजारो भांड्यांमध्ये, हेनानच्या गाँगशिएन भट्ट्यांच्या तीन निळ्या-पांढऱ्या थाळ्या होत्या.

१०. तपासणीसाठी भांडे फोडावे लागते का?

बहुतेक प्राथमिक तपासण्यांना लागत नाही. क्ष-किरण प्रतिदीप्ती, म्हणजे एक्सआरएफ, आणि रामन वर्णपटमापन भांड्याला धक्का न लावता होतात. लेझरने अतिसूक्ष्म खड्डा पाडून मूलद्रव्ये मोजण्याच्या पद्धतीत राहिलेली खूण नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला आणि क्ष-किरण विवर्तनाला (स्फटिक ओळखण्याची पद्धत) सहसा कापलेला तुकडा किंवा पूड लागते, म्हणून ती कामे खापऱ्यांवर करतात. न्यूट्रॉन सक्रियण पद्धतीत नमुना किरणोत्सारी होतो, त्यामुळे ती फक्त लहान पुडीवर वापरतात.

११. माझ्याकडे हातातल्या एक्सआरएफ यंत्राने काढलेला तक्ता आहे. त्यावरून भांडे अस्सल आहे असे म्हणता येईल का?

नाही. 'हे अस्सल नाही' असे म्हणायला तो कधीकधी पुरतो, 'अस्सल आहे' असे म्हणायला कधीच नाही. मिंगकालीन म्हणून दाखवलेल्या भांड्याच्या हिरव्या मिन्यात (झिलईवर भाजून बसवलेल्या रंगात) क्रोमियम आढळले तर शंकेला जागा उरत नाही, कारण त्या काळचा हिरवा रंग तांब्याचा असे आणि क्रोमियमचे रंग १९ व्या शतकात वापरात आले. कॅडमियमयुक्त लाल-पिवळे रंगही असेच उशिराचे. पण ज्याने जुनी माती आणि जुनी कृती वापरून नक्कल केली आहे, त्याचे भांडे मुख्य घटकांत अगदी बरोबर निघेल, आणि जिंगदेझेनला तर तीच माती शतकानुशतके उपलब्ध होती.

आता तक्ता कसा वाचावा हे सांगतो. हलक्या मूलद्रव्यांचे क्ष-किरण हवेत आणि काचेत लगेच विरतात, त्यामुळे सोडियम आणि मॅग्नेशियमच्या आकड्यांवर विसंबू नये. ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन हे फक्त वरच्या काही मायक्रॉन थराचे असतात. झिर्कोनियमसारख्या जड मूलद्रव्याचे किरण मात्र पातळ झिलई ओलांडून अंगातूनही येतात. म्हणजे एकाच तक्त्यातला एक आकडा झिलईचा आणि दुसरा झिलई व अंग यांच्या मिश्रणाचा असू शकतो. शक्य असेल तर भांड्याच्या बुडाशी झिलई नसलेल्या कडेवर वेगळे मोजमाप घ्यावे. पृष्ठभाग वक्र असेल तर यंत्र आणि भांडे यांत अंतर राहते आणि सर्व आकडे घसरतात.

मिन्याच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. १८ व्या शतकातल्या गुलाबी मिन्याच्या भांड्यांत गुलाबी रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो आणि अपारदर्शक पांढऱ्यात आर्सेनिक असते. पण मिना शिशाचा असतो, आणि शिसे व आर्सेनिक यांच्या मुख्य रेषा १०.५ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टजवळ एकमेकींवर पडतात. तेथे दुय्यम रेषा पाहिल्याखेरीज आर्सेनिक आहे असे लिहू नये.

१२. भांडे किती तापमानाला भाजले होते हे इतक्या शतकांनी कसे कळते?

अंगाचा लहान तुकडा विस्तारमापकात सावकाश तापवतात. मूळ भाजणीच्या तापमानापर्यंत तो नेहमीप्रमाणे प्रसरण पावतो. ते ओलांडले की काच पुन्हा मऊ होऊन तुकडा आकसू लागतो. तो वळणबिंदू म्हणजे अंदाजे जुने तापमान. जोडीला क्ष-किरण विवर्तनाने मुलाइट, गारगोटी आणि क्रिस्टोबलाइट या खनिजांचे प्रमाण पाहतात. उत्तरेकडची पांढरी भांडी १३०० अंशांच्या आसपास आणि कधी त्यापुढे, तर दक्षिणेकडची बहुधा त्याच्या थोडी खाली भाजलेली दिसतात. पण कमी तापमानाला दीर्घ काळ भाजलेले आणि अधिक तापमानाला थोडा वेळ भाजलेले भांडे सारखेच दिसू शकते, म्हणून उत्तर नेहमी पट्ट्यात द्यावे, एका आकड्यात नाही.

१३. कार्बन-१४ ने पोर्सेलीनचे वय काढता येते का? नाही तर कशाने?

पोर्सेलीनमध्ये मोजण्याजोगा जैविक कार्बन उरत नाही, त्यामुळे ही पद्धत थेट लागू पडत नाही. भट्टीतला कोळसा किंवा भांड्याबरोबर पुरलेले धान्य यांचे वय काढता येते. भांड्यासाठी उष्मादीप्ती पद्धत आहे. मातीतले पोटॅशियम, युरेनियम आणि थोरियम यांच्या किरणोत्सारामुळे खनिजकणांत ऊर्जा साठत जाते. भाजताना आधीची साठवण पुसली जाते, त्यामुळे नंतर साठलेली ऊर्जा ही शेवटच्या भाजणीपासूनच्या काळाची मोजदाद होते. नमुना तापवला की ती प्रकाशरूपाने बाहेर पडते.

पोर्सेलीन काचमय असल्याने त्याची पद्धत थोडी वेगळी आहे आणि बुडातून काही मिलिमीटरचा गाभा कोरून काढावा लागतो. तो व्रण कायमचा राहतो. मिळणारे वय ढोबळ असते: पाचशे वर्षांच्या भांड्यात शंभर वर्षांचा फरक सहज पडतो. जुने की आजचे, हे ती सांगते. कोणत्या सम्राटाच्या काळातले, हे नाही.

१४. उष्मादीप्ती चाचणी फसवता येते का?

येते, आणि लोक फसवतात. नव्या भांड्याला कृत्रिम किरणोत्सार देऊन खोटे वय चढवता येते. जुन्या भांड्याचे अस्सल बूड नव्या अंगाला जोडतात आणि नमुना नेमका बुडातून घेतला जातो. म्हणून जोड शोधण्यासाठी आधी क्ष-किरण चित्र काढावे वाटते, पण क्ष-किरणांनी साठलेली ऊर्जा वाढून वय चुकते. उपाय क्रमाचा आहे: उष्मादीप्तीचा नमुना आधी, क्ष-किरण किंवा सीटी स्कॅन नंतर. भांडे पूर्वी कधी अशा तपासणीखाली गेले असेल तर ते प्रयोगशाळेला आधीच सांगावे. जुन्या भांड्याला नंतर आग लागली असेल किंवा मिना पुन्हा भाजला असेल, तर काही अंशी उलट परिणाम होऊन ते नवे ठरू शकते.

१५. बुडाशी सम्राटाची मुद्रा आहे, तरी परीक्षण हवे का?

हवे. जुन्या सम्राटांच्या मुद्रा नंतरच्या भांड्यांवर सर्रास लिहिल्या जात. कांगशी काळातल्या भांड्यांवर त्याआधी दोनशे वर्षांपूर्वीच्या छंगह्वा सम्राटाची मुद्रा मिळते, आणि तेथे हेतू फसवणुकीचा नसून बहुधा आदराचा असे. मुद्रेच्या निळ्यातले मँगनीज-लोह गुणोत्तर सजावटीच्या निळ्याशी जुळते का, हे मात्र पाहण्यासारखे असते (प्रश्न ९).

१६. झिलईतले तडे हा दोष आहे का?

थंड होताना झिलई अंगापेक्षा जास्त आकसली की तिला तडे जातात. झिलईत पोटॅशियम वाढले की हे आकसणे वाढते. ग्वान आणि ग या नावांच्या प्रकारांतल्या भांड्यांत तडे जाणूनबुजून आणले आणि काही वेळा रंगवले आहेत.

१७. विषारी अन्न वाढले की सेलॅडॉनचे ताट तडकते हे खरे आहे का? आणि जुनी चिनी भांडी जेवणात वापरावीत का?

ही समजूत मोगल काळात हिंदुस्थानात पक्की होती आणि अशा ताटांना 'घोरी' म्हणत. तिला रासायनिक आधार नाही. उच्च तापमानाची सिलिकेट झिलई अन्नातल्या कोणत्याही विषाशी प्रतिक्रिया करत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. साधी सेलॅडॉन किंवा झिलईखालच्या निळ्या रंगाची भांडी शिसेमुक्त असतात. पण झिलईवर रंगवलेले लाल, हिरवे, पिवळे, गुलाबी मिने आणि तांग काळातली तिरंगी झिलई शिशाची असते. चिंच, आमसूल, लिंबू, लोणचे, ताक अशा आंबट पदार्थांनी त्यातले शिसे सुटते. अशी भांडी कपाटात ठेवावीत, जेवणात घेऊ नयेत.

१८. जमिनीत किंवा समुद्रात राहिलेल्या खापरीचे आकडे विश्वासार्ह असतात का?

आतल्या अंगाचे असतात, पृष्ठभागाचे नेहमीच नाहीत. पाण्यामुळे झिलईच्या वरच्या थरातून पोटॅशियम आणि कॅल्शियम झिरपून जातात, जमिनीतले लोह आणि मँगनीज तड्यांत बसतात. शिशाच्या झिलईवर चंदेरी, इंद्रधनुषी पापुद्रा येतो. समुद्रातल्या खापऱ्या गोड्या पाण्यात दीर्घ काळ ठेवून मीठ काढावे लागते, नाहीतर ते वाळताना स्फटिक होऊन झिलई उचकटते. मोजमापासाठी ताजी कड घ्यावी. मँगनीजचा जमिनीतून आलेला डाग कोबाल्टच्या अभ्यासात मोठी दिशाभूल करतो.

१९. कोकणात किंवा गोव्यात निळी-पांढरी खापरी सापडली तर ती चिनी असू शकते का, आणि मी काय करावे?

असू शकते. चौल-रेवदंड्याच्या परिसरात आणि जुन्या गोव्यात चिनी भांड्यांच्या खापऱ्या मिळाल्या आहेत; दिल्लीत फिरोजशाह कोटला येथे युआनकालीन पोर्सेलीनचा मोठा साठा सापडला होता. पण निळ्या-पांढऱ्या नक्षीची इराणी भांडी आणि पुढच्या काळात युरोपातून आलेली भांडीही याच बंदरांवर उतरली. इराणी भांड्याचे अंग कुटलेल्या गारगोटीचे, सच्छिद्र आणि झिलई बहुधा सोडायुक्त असते, त्यामुळे जिभेची खूण (प्रश्न १) आणि एक्सआरएफ यांनी ते लवकर वेगळे पडते. हाडांची राख घालून केलेल्या युरोपीय हाडपोर्सेलीनमध्ये फॉस्फरस भरपूर निघतो.

खापरी दिसली तर शक्यतो जागेवरच राहू द्यावी, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, जागेची नोंद करावी आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे. संरक्षित स्मारकाच्या हद्दीतून ती उचलणे बेकायदा आहे, आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. खापरी साबणाने किंवा आम्लाने धुऊ नये. अखंड भांडी डोळ्यांखालून घालायची असतील तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबीयांच्या संग्रहातून आलेले चिनी पोर्सेलीन पाहता येते. तेथे जाताना बुडाची झिलई नसलेली कड मुद्दाम पाहावी. प्रश्न २ आणि ३ मध्ये सांगितलेल्या मातीचा रंग तेथेच उघडा दिसतो.